त्या रात्री चंद्र केवढा होता?

रेडिओवरचा ‘दिनविशेष’ हा कार्यक्रम मला लहानपणापासून आवडतो. आमच्या वैजापुरात तेव्हा घरोघरी रेडिओ नव्हते. चौकातल्या हॉटेलात एक होता. सकाळी चहाची पहिली उकळी येते न येते तोच आजच्या तारखेला जगात काय काय घडलं ते कानावर पडायचं. कुठला राजा मेला, कुठला शास्त्रज्ञ जन्मला, कुठली गाडी पहिल्यांदा सुटली. पाच मिनिटांत सगळं जग आमच्या बाकड्यावर येऊन बसायचं. ऐकणाऱ्याला वाटायचं, या तारखेत नक्की काहीतरी दडलेलं आहे. नाहीतर एवढ्या गोष्टी एकाच दिवशी कशा घडल्या असत्या?

उदाहरणादाखल २८ एप्रिल घ्या. १७८९ साली याच दिवशी प्रशांत महासागरात ‘बाउंटी’ जहाजावरच्या खलाशांनी आपल्या कप्तानाविरुद्ध बंड केलं. जहाजात माल काय होता, तर नीरफणसाची रोपं. १९४५ साली याच दिवशी इटलीत मुसोलिनीला गोळ्या घातल्या गेल्या. १९४७ साली थोर हायरडाल नावाचा नॉर्वेचा माणूस पाच सोबती घेऊन पेरूच्या किनाऱ्यावरून ‘कॉन-टिकी’ नावाच्या लाकडी तराफ्यावर निघाला आणि १०१ दिवसांनी पॉलिनेशियाच्या बेटांना लागला. २००१ साली डेनिस टिटो हा अमेरिकन माणूस स्वतःच्या खिशातून पैसे भरून अवकाशात गेला, पहिला अवकाश-पर्यटक म्हणून. आणि २००८ साली आपल्या इस्रोने श्रीहरिकोट्याहून एकाच अग्निबाणाने दहा उपग्रह वर सोडले.

या यादीत आपल्या मुलखाच्याही दोन नोंदी आहेत. १७४० च्या २८ एप्रिलला नर्मदेकाठी रावेरखेडीला पहिले बाजीराव पेशवे वारले. आणि १८१९ च्या २८ एप्रिलला जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला वाघाच्या शिकारीला हिंडताना अजिंठ्याची लेणी दिसली.

बाजीरावांचं नाव आम्हा वैजापूरकरांना परकं नाही. १७२८ च्या फेब्रुवारीत त्यांनी निजामाला कोंडीत पकडलं ते पालखेड आमच्याच तालुक्यात आहे. पालखेड म्हटलं की पुष्कळांना निफाडकडचं, धरणाचं पालखेड आठवतं. पण लढाईचं पालखेड आमचं. निजामाच्या जड तोफा मागे राहिल्या, पाणी आणि दाणागोटा तुटला आणि मोठी लढाई न होताच त्याला तहाला यावं लागलं. तो मुंगी-शेवगावचा तह. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सेनानी माँटगोमेरी यांनी युद्धशास्त्राच्या इतिहासावर १९६८ साली पुस्तक काढलं, त्यात या मोहिमेचं कौतुक केलं आहे. अजिंठा तर आमच्या जिल्ह्याचाच. त्यामुळे २८ एप्रिल ही तारीख माझ्या दृष्टीने फार मोलाची होती.

आता माझी फजिती सांगतो.

२००६ साली मला रेडिओवर भाषणासाठी बोलावणं आलं. तारीख होती २८ एप्रिल. मी कवी माणूस. बी.ए.ला मराठी घेतलेलं, इतिहास कामापुरता. पण या दोन नोंदी शेजारी शेजारी पाहिल्या आणि माझ्यातला कवी उधळला. ज्या दिवशी नर्मदेकाठी एक सूर्य मावळला, त्याच दिवशी एकोणऐंशी वर्षांनी वाघूर नदीच्या काठी दुसरा सूर्य उगवला, असं मी ठासून म्हणालो. नियती, काळ, इतिहासाचा संकेत असे सगळे मोठमोठे शब्द वापरून झाले. भाषण झाल्यावर चार मित्रांनी पाठ थोपटली. मीही दोन दिवस जरा ताठ मानेनंच बाजारातून फिरलो.

आठवड्याभराने एक पोस्टकार्ड आलं. तालुक्यातल्याच एका खेड्यातले निवृत्त गुरुजी. अक्षर मोत्यासारखं. मजकूर पाच-सहा ओळींचा. ‘भाई, आपलं भाषण ऐकलं. भाषा गोड आहे. परंतु बाजीरावसाहेब गेले ती तिथी वैशाख शुद्ध त्रयोदशी, शके १६६२. म्हणजे पौर्णिमा दोन दिवसांवर. त्या रात्री चंद्र केवढा होता? आणि आपण ज्या दिवशी बोललात त्या २८ एप्रिलच्या रात्री चंद्र केवढा होता? सवडीने पाहावे.’

मी कार्ड दोनदा वाचलं. आयुष्यभर चंद्रावर कविता केल्या. घरात त्याला चांद म्हणतो, कागदावर चंद्र लिहितो, एवढाच फरक. पण ‘केवढा होता’ हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. २८ एप्रिल २००६, शुक्रवार, वैशाख शुद्ध प्रतिपदा. अमावास्या नुकतीच सरलेली. म्हणजे माझ्या भाषणाच्या रात्री आकाशात चंद्र जवळजवळ नव्हताच.

तरी मी मनाची समजूत घातली. कधी त्या तारखेला प्रतिपदा येईल, कधी त्रयोदशी येईल, त्यात काय? मग सायकल काढली आणि गुरुजींच्या गावी गेलो. त्यांनी ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि पाटीवर हिशेब मांडला.

हिशेब सोपा आहे. चंद्राच्या कला दर एकोणीस वर्षांनी त्याच इंग्रजी तारखेच्या आसपास परत येतात. एकोणीस वर्षं म्हणजे जवळजवळ बरोबर २३५ चांद्रमास. ही गोष्ट दोन हजार वर्षांहून अधिक काळ माणसाला माहीत आहे. आता १७४० ते २००६ म्हणजे २६६ वर्षं. एकोणीस गुणिले चौदा. चौदा फेऱ्यांत फार तर एक-दोन दिवस इकडे-तिकडे होतील. म्हणजे २००६ च्या २८ एप्रिलला चंद्र नुकता जन्मलेला असेल, तर १७४० च्या २८ एप्रिललाही तो कोवळाच असला पाहिजे. त्रयोदशीचा, जवळजवळ भरलेला चंद्र त्या दिवशी येणं शक्यच नाही.

‘मग तिथी चुकली म्हणायची का?’ मी विचारलं.

‘तिथी नाही चुकली. तारीख वेगळ्या मापाने मोजलेली आहे,’ गुरुजी म्हणाले.

ते माप कोणतं, ते त्यांनी सांगितलं. युरोपात ज्युलियस सीझरच्या काळापासून जे कॅलेंडर चालत आलं, त्यात वर्ष ३६५ दिवस सहा तासांचं धरलं होतं. खरं सौरवर्ष त्याहून सुमारे अकरा मिनिटांनी लहान. अकरा मिनिटं म्हणजे काहीच नाही. पण शतकांमागून शतकं साचत गेली, तसे दिवस सरकत गेले. १५८२ साली पोप ग्रेगरी तेरावे यांनी दुरुस्ती केली. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. इटली, स्पेन, पोर्तुगाल यांनी ती लगेच मानली. इंग्रजांनी मानली नाही. पोपचं ऐकायचं नाही हा त्यांचा बाणा. तो १७५२ पर्यंत टिकला. शेवटी त्या वर्षी त्यांनीही २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर धरला आणि अकरा दिवस गाळले.

म्हणजे बाजीराव गेले तेव्हा इंग्रज अजून जुन्या कॅलेंडरवर होते. आपल्या पुस्तकांत रुळलेली २८ एप्रिल ही तारीख त्या जुन्या मापाची आहे. आजच्या मापाने ती ९ मे होते. त्या दिवशी चंद्र पौर्णिमेच्या अलीकडे दोन दिवस होता. वैशाख शुद्ध त्रयोदशी. तिथी चोख जुळली.

मला त्या ओसरीवर गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. तो एकच दिवस. मुंबईच्या इंग्रज वखारीत २८ एप्रिल. गोव्यात पोर्तुगीजांच्या दप्तरात ९ मे. पुण्यात वैशाख शुद्ध त्रयोदशी. आणि तेव्हाच्या औरंगाबादेत निजामाच्या कचेरीत हिजरी ११५३ च्या सफर महिन्याची बारावी-तेरावी, चांद कधी दिसला त्यावर अवलंबून. नर्मदेकाठी माणूस एकदाच गेला. त्याच्या जाण्याला चार ठिकाणी चार नावं होती.

आणि अजिंठा? १८१९ पर्यंत इंग्रजांनी नवं कॅलेंडर घेतलेलं होतं. त्यामुळे ती २८ एप्रिल आजच्या मापाचीच. गुरुजींनी तिचीही तिथी काढली. वैशाख शुद्ध चतुर्थीच्या सुमाराची. अक्षय्य तृतीयेचे दिवस. म्हणजे तारखेने पाहा की तिथीने पाहा, बाजीरावांचं जाणं आणि अजिंठ्याचं दिसणं एका दिवशी येतच नव्हतं. माझे दोन्ही सूर्य वेगवेगळ्या दिवशीचे निघाले.

खरं तर मला हे आधीच सुचायला हवं होतं. आम्ही मराठवाड्यातली माणसं, आमच्या घरातच तीन-चार काळ नांदतात. निजामाच्या राज्यात सरकारी दप्तर फसली सनावर चालायचं. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो. महिने फारसी नावांचे, आजूर, दै, बहमन असे. माझ्या अब्बांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल १३४९ फसली होतं. त्याचं १९३९ करायचं की १९४०, यावरून नोकरीच्या वेळी बरीच खटपट झाली होती. दादीमाँला यातलं काहीच लागत नसे. तिची सालं म्हणजे प्लेगचं साल, रझाकाराचं साल, मोठ्या दुष्काळाचं साल. आणि रोजच्या व्यवहाराला चांद. रमजान जवळ आला की तिची नजर आपोआप पश्चिमेकडे जायची. तिला विचारलं असतं, तर चंद्र केवढा होता हे तिने न चुकता सांगितलं असतं.

या प्रकरणात मला एक शब्द मिळाला. तोही असाच, भलतं शोधताना.

गुरुजींकडून परतल्यावर इंग्रजांच्या त्या गाळलेल्या अकरा दिवसांची नीट माहिती वाचावी म्हणून मी गावातल्या वाचनालयात गेलो. एक जाडजूड जुना इंग्रजी ज्ञानकोश होता. ‘सप्टेंबर’ हा शब्द काढायला पानं उलटत होतो. माझं इंग्रजी बेताचं, बोट ठेवून वाचणारा मी. पाच-सहा पानं पुढे गेलो आणि बोट एका चमत्कारिक शब्दावर थांबलं. सेरेंडिपिटी. खाली लिहिलं होतं की हा शब्द सेरेंडिप या नावावरून आला, आणि सेरेंडिप म्हणजे श्रीलंकेचं जुनं नाव.

मी उभ्या उभ्या दचकलो. सेरेंडिप? म्हणजे दादीमाँचं सरनदीप! हजरत आदम जन्नतमधून पृथ्वीवर उतरले ते सरनदीपच्या डोंगरावर, असं ती सांगायची. सिंदबादच्या गोष्टीतही सरनदीप यायचं. आमच्या चुलीपाशी ऐकलेला शब्द विलायती पोशाख घालून समोर उभा होता.

पुढे जमेल तसं वाचत गेलो, तशी त्या शब्दाची सगळी वाट उलगडली. संस्कृत सिंहलद्वीप. त्याचं अरबांच्या तोंडी सरनदीब झालं, फारसीत सरनदीप. दिल्लीच्या अमीर खुसरोंनी १३०२ च्या सुमारास ‘हश्त बिहिश्त’ म्हणजे ‘आठ स्वर्ग’ नावाचं फारसी काव्य लिहिलं. त्यात सरनदीपच्या तीन राजपुत्रांची गोष्ट आहे. राजपुत्र वाटेने चाललेले असतात. एकाचा उंट हरवलेला असतो. तो विचारतो, उंट पाहिलात का? हे तिघं म्हणतात, तो एका डोळ्याने आंधळा होता ना? एक दात पडलेला? एका पायाने लंगडा? एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला मध? उंटाचा मालक त्यांनाच चोर समजून राजाकडे नेतो. मग ते सांगतात की उंट आम्ही पाहिलाच नाही. रस्त्याच्या एकाच बाजूचं गवत खाल्लेलं दिसलं, म्हणून डोळा कळला. चावलेल्या पाल्याचा मधला घास सुटलेला दिसला, म्हणून दात कळला. फरपटलेल्या पावलावरून लंगडणं कळलं, आणि मुंग्या-माश्यांवरून ओझं कळलं.

ही गोष्ट १५५७ साली व्हेनिसमध्ये इटालियन भाषेत छापली गेली. तिथून ती फ्रेंच, इंग्रजीत गेली. लंडनचे होरेस वॉलपोल नावाचे लेखक होते, पंतप्रधानांचे चिरंजीव. त्यांनी ती कधीतरी वाचलेली. त्यांच्या फ्लॉरेन्सच्या मित्राने त्यांना एक जुनं चित्र पाठवलं होतं. त्या चित्रातल्या बाईच्या घराण्याबद्दलचा एक तपशील वॉलपोलना एका जुन्या पुस्तकात अचानक सापडला. त्या आनंदात त्यांनी मित्राला पत्र लिहिलं आणि अशा सापडण्यासाठी एक शब्दच बनवून टाकला. सेरेंडिपिटी. पत्राची तारीख २८ जानेवारी १७५४. पुन्हा २८! पण मी आता शहाणा झालो होतो. आकडा पाहिला आणि पुढे गेलो.

वॉलपोलनी शब्दाचा अर्थ काय सांगितला, ते महत्त्वाचं आहे. नुसतं नशिबाने काहीतरी मिळणं म्हणजे सेरेंडिपिटी नव्हे. राजपुत्रांना जे कळत गेलं त्यात दोन गोष्टी होत्या. एक अपघात, दुसरी नजर. आणि जे मिळालं ते त्यांनी शोधायला घेतलेलं नव्हतं. रस्त्यावरून तर शेकडो लोक गेले असतील. खाल्लेलं गवत सगळ्यांनाच दिसलं असेल. पण वाचलं ते तिघांनी. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या बशीत बुरशी पडली आणि पेनिसिलीन सापडलं, ते उदाहरण यासाठी नेहमी देतात. बुरशी काय, घरोघरी भाकरीवर येते. तिच्याभोवतीचे जंतू मेलेत हे पाहणारा डोळा पाहिजे.

आपल्या मराठीत अचानकपणासाठी शब्दांचा तोटा नाही. योगायोग आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं आपण म्हणतो. संस्कृतातला काकतालीय न्याय तोच, कावळा आणि ताडाचं फळ. घुणाक्षर न्याय तर फारच छान. लाकूड कोरता कोरता किड्याकडून एखादं अक्षर उमटतं. किड्याला काय माहीत की आपण ‘क’ लिहिला? या सगळ्या शब्दांत कावळा आहे, फांदी आहे, किडा आहे. पाहणारा माणूस नाही. सेरेंडिपिटीत पाहणारा माणूस आहे. हा शब्द आणि योगायोग यांत फरक आहे तो एवढाच.

आता या मापाने २८ एप्रिलकडे परत पाहू. जॉन स्मिथ मद्रासच्या घोडदळातला अधिकारी. उन्हाळ्याचे दिवस. झाडांची पानं गळालेली असणार. श्रावणात आला असता तर हिरवळीआड काही दिसलं असतं की नाही, शंकाच आहे. वाघूर नदी तिथे घोड्याच्या नालेसारखी वळते. पलीकडच्या कड्यावरून त्याला समोरच्या डोंगरात एक मोठी कमान दिसली. ते आजचं दहाव्या क्रमांकाचं लेणं, दोन हजार वर्षांपूर्वीचं चैत्यगृह. स्मिथ शोधत होता वाघ, मिळालं अजिंठा. अपघात शंभर टक्के.

आणि नजर? तो आत गेला आणि एका खांबावर, जुन्या चित्रावरच, आपलं नाव आणि तारीख कोरून आला. ती २८ एप्रिल आपल्याला कळते ती त्या ओरखड्यामुळेच. आज ते नाव माणसाच्या डोक्याच्या वर दिसतं. कारण तेव्हा लेण्यात दगडमातीचा ढीग साचला होता आणि साहेब त्यावर उभे होते. दोन हजार वर्षांची चित्रकला समोर असताना ज्याला स्वतःचं नाव लिहावंसं वाटलं, त्याला मी सरनदीपच्या राजपुत्रांच्या पंगतीत कसा बसवू?

लेणी ‘सापडली’ हा शब्दही जपून वापरायला हवा. सातव्या शतकातल्या ह्युएन त्संगच्या प्रवासवर्णनात या लेण्यांचा उल्लेख येतो. आणि लेण्यांच्या अगदी जवळच्या गावाचं नाव आहे लेणापूर. नावातच लेणं असलेल्या गावाला लेणी माहीत नव्हती, असं कसं म्हणायचं? गुराख्यांना, भिल्लांना ती ठाऊकच होती. त्यांनी कधी खांबावर तारीख घातली नाही, एवढंच.

नजर पुढे आली ती इतरांकडून. १८४४ पासून रॉबर्ट गिल यांनी तिथे राहून चित्रांच्या प्रती केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. तरी ते परत कामाला लागले. गिल आणि अजिंठ्याची पारो यांची कहाणी कवी ना. धों. महानोरांमुळे मराठी वाचकाला ठाऊक आहे. पुढे निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी इटलीहून जाणकार कारागीर आणवून १९२० ते १९२२ या काळात भिंतीवरून सुटत चाललेली चित्रं सावरून घेतली आणि १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावर चार भागांचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. बुद्धाच्या जातककथा एका मुसलमान संशोधकाने आयुष्यभर भिंगातून पाहिल्या. त्यांना कोणी विचारलं नाही की तुमचा यांच्याशी काय संबंध. निदान त्यांनी तरी तो प्रश्न कामाच्या आड येऊ दिला नाही.

हा प्रश्न मला मात्र विचारला गेलेला आहे, म्हणून सांगतो. तरुणपणी एकदा पालखेडच्या लढाईवर गावात व्याख्यान होतं. ते संपल्यावर ओळखीच्याच एकाने हसत हसत विचारलं, ‘मग भाई, तुम्ही कोणाच्या बाजूचे?’ त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण त्या रात्री मला झोप आली नाही. पुढे वाचलं तेव्हा कळलं की त्या मोहिमेत निजामाने कोल्हापूरच्या संभाजीराजांची बाजू धरली होती. चंद्रसेन जाधवांसारखे मातब्बर मराठे सरदार त्याच्या बरोबर होते. आपण समजतो तशा दोन स्वच्छ बाजू तिथे नव्हत्या. तारखेने मला फक्त लढाई दाखवली होती. बाजू किती होत्या ते पाहायला जवळ जावं लागलं.

आजकाल दिनविशेष सकाळच्या हॉटेलात राहिलेला नाही. तो खिशातल्या मोबाइलवर येतो. अमुक दिवशी आपल्यावर काय अन्याय झाला, तमुक दिवशी त्यांनी काय केलं. तारखा पणतीसारख्या लावता येतात, तशा दगडासारख्या मारताही येतात. असा मजकूर आला की मी गुरुजींचा प्रश्न स्वतःला विचारतो. त्या रात्री चंद्र केवढा होता? म्हणजे ही तारीख कोणी मोजली, कोणत्या मापाने मोजली, आणि जो इतका ठासून सांगतो आहे त्याने माझ्यासारखंच न बघता ठोकून दिलं आहे का? उत्तर मिळेपर्यंत मी तो मजकूर पुढे पाठवत नाही. उत्तर शोधायला गेलं की बहुधा भलतंच काहीतरी हाती लागतं, आणि ते भांडणापेक्षा मोलाचं असतं.

मलाही तसं लागलं. अमीर खुसरोंचे जिवलग मित्र आणि गुरुबंधू अमीर हसन सिजझी. दोघंही निजामुद्दीन औलियांचे मुरीद, दोघंही कवी. महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा हसन दख्खनमध्ये आले आणि इथेच मातीत मिसळले. त्यांची कबर खुलताबादला आहे. अजिंठ्याला जाताना-येताना मी कितीदा खुलताबादवरून गेलो असेन. ज्या इंग्रजी शब्दाचं मूळ शोधत मी व्हेनिस आणि लंडन फिरून आलो, त्या गोष्टीच्या कवीचा दोस्त आमच्या जिल्ह्यात साडेसहाशे वर्षांहून अधिक काळ निजलेला होता. आता वाट वाकडी करून तिथे दोन मिनिटं उभा राहतो.

हे सगळं मी गुरुजींना कळवलं आणि विचारलं की सेरेंडिपिटीला मराठीत काय म्हणावं? त्यांचं उत्तर पोस्टकार्डावरच आलं. ‘डोळस योगायोग म्हणा की. आणि पुढच्या भाषणाआधी पंचांग पाहत जा.’

गुरुजी आता नाहीत. ते कार्ड माझ्याकडे आहे. हे भाषण लिहायला बसण्याआधी मी पंचांग पाहिलं, आणि मग अंगणात जाऊन आकाशही पाहिलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)